रुपयाचं तमिळ चिन्ह: टाइप करण्यापासून छापण्यापर्यंत

मार्च २०२५ मध्ये तमिळनाडू सरकारने आपल्या अर्थसंकल्पाच्या बोधचिन्हात ₹ काढून तमिळ ‘रू’ अक्षर घातलं. त्यावरचा राजकीय वाद वर्तमानपत्रांत झाला. आमच्याकडे मात्र वेगळ्याच अडचणी आल्या: हे चिन्ह फाइलमध्ये आणायचं कसं, आणलेलं टिकत का नाही, आणि बिलावर चालेल का. त्यातली निवडक पत्रं आणि उत्तरं.

प्रश्न : माटुंग्यातल्या एका खानावळीचं तमिळ मेन्यूकार्ड आमच्याकडे छपाईला आलंय. मालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ௹ असं चिन्ह पाठवलं. अर्थसंकल्पात होतं ते हेच का? आणि कार्डावर हे टाकावं की नेहमीचं ₹? (एक मुद्रक, गिरगाव)

दिसायला जवळची असली तरी संगणकाच्या लेखी या तीन स्वतंत्र गोष्टी आहेत.

पहिली, ₹. केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलेलं अधिकृत चिन्ह. ते काढणारे डी. उदयकुमार तेव्हा आपल्या पवईच्या आयआयटीत संशोधन करत होते. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या संगणकाच्या सामाईक यादीत, ते त्याच वर्षी, ६.० आवृत्तीत आलं. क्रमांक २०बी९ (० ते ९ आणि ए ते एफ असे सोळा आकडे वापरणाऱ्या पद्धतीत), दशमान पद्धतीत ८३७७.

दुसरी, तुम्हाला आलेलं ௹. हे जुन्या तमिळ हिशेबवह्यांतलं रुपयाचं लघुचिन्ह आहे. ‘रू’ लिहून त्याची शेवटची रेघ फर्राट्याने ओढावी तसा त्याचा आकार. युनिकोडने ते २००३ साली ४.० आवृत्तीत घेतलं, म्हणजे ₹ च्या सात वर्षं आधी. क्रमांक ०बीएफ९, दशमान ३०६५.

तिसरी, अर्थसंकल्पातलं तमिळ ‘रू’. हे चिन्ह नाहीच, साधं अक्षर आहे. तमिळ ‘र’ आणि त्याला दीर्घ ऊकार, असे दोन क्रमांक जोडून ते तयार होतं. तमिळ दुकानांच्या पाट्यांवर, बिलांवर रोज दिसतं ते हेच, बहुतेक वेळा पुढे टिंब देऊन, आपण ‘रु.’ लिहितो तसंच.

कार्डावर आमचं मत ‘रू.’ किंवा ₹ ला. आजच्या तमिळ वाचकाला ௹ ओळखू येईलच असं नाही. तरुण गिऱ्हाईक तर ती नक्षी समजेल. मालकांना जुन्या वळणाचा थाट हवा असेल तर ௹ शीर्षकात किंवा कार्डाच्या कोपऱ्यात मोठं घ्या, पण भावांच्या रकान्यात शंभर वेळा नको. बारीक टाइपात त्याची शेवटची रेघ पुढच्या आकड्याला भिडते आणि ५ चा आकडा चाचपडत वाचावा लागतो.

छपाईच्या बाजूने एक फरक लक्षात असू द्या. ௹ हा एकच अखंड आकार असल्याने ज्या फाँटमध्ये तो आहे तिथे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये धड उमटतो. ‘रू’चं तसं नाही. इनडिझाइनमध्ये साधा परिच्छेद कंपोझर चालू असेल तर तमिळ ‘र’ एकीकडे आणि ऊकार दुसरीकडे असं अक्षर फुटतं, आपली मराठी जोडाक्षरं फुटतात तशीच. परिच्छेद पॅनेलच्या मेन्यूत जाऊन वर्ल्ड-रेडी परिच्छेद कंपोझर निवडा. इलस्ट्रेटरमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात भारतीय भाषांचे पर्याय दाखवण्याची खूण करावी लागते. कोरलड्रॉमध्ये कंट्रोल आणि एफ११ दाबून अक्षरांची खिडकी उघडते. तिथून ௹ थेट उचलता येतं. प्रूफ मंजूर झाल्यावर कंट्रोल-क्यू दाबून सगळा तमिळ मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी नुसत्या आकारांत, बदला, मगच फाइल प्लेटला पाठवा. मूळ मजकुराची प्रत वेगळी जपा. भाव बदलले की कर्व्हमधला आकडा दुरुस्त करता येत नाही.

प्रश्न : कीबोर्डवर ௹ कुठे असतं? (चेंबूर)

बहुतेक कीबोर्डांवर छापलेलं नसतंच. क्रमांकाने आणावं लागतं.

विंडोजवर वर्डमध्ये: आधी भाषा इंग्रजी करा. मराठी कीबोर्ड चालू राहिला तर ० आणि ९ देवनागरी पडतात आणि पुढचं काही होत नाही. मग शून्य, बी, एफ, नऊ अशी चार बटणं दाबा आणि लगेच ऑल्ट धरून एक्स दाबा. चार अक्षरं जाऊन ௹ येतं. फसगत होते ती एका ठिकाणी: क्रमांकाच्या आधी चिकटून आकडा किंवा ए ते एफ मधलं अक्षर असेल तर वर्ड तेही क्रमांकातच धरतं आणि भलतं काहीतरी उमटतं. म्हणून आधी एक जागा सोडा, नाहीतर नेमकी चार अक्षरं निवडून मग ऑल्ट-एक्स दाबा. लिब्रेऑफिसमध्येही हीच युक्ती चालते.

ऑल्ट-एक्स उलटंही काम करतं, आणि ते अधिक उपयोगी आहे. कुणाच्या फाइलमध्ये नेमकं कोणतं चिन्ह आहे ते कळत नसेल तर त्याच्या लगेच उजवीकडे कर्सर ठेवून ऑल्ट-एक्स दाबा. ०बीएफ९ दिसलं तर तमिळ चिन्ह, २०बी९ दिसलं तर ₹, २०ए८ दिसलं तर इंग्रजी आर-एस जोडून केलेलं जुनं सर्वसाधारण रुपया चिन्ह. ०बीसी२ दिसलं तर समजा ते ‘रू’ अक्षर आहे आणि तुम्हाला त्यातला फक्त शेवटचा ऊकार दिसतोय. पुन्हा ऑल्ट-एक्स दाबलं की चिन्ह परत येतं.

ऑल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांच्या पॅडवर ३०६५ दाबण्याची पद्धत वर्डमध्ये चालते, पण सगळीकडे नाही. कित्येक प्रोग्रॅम त्या आकड्याला २५६ ने भागून उरलेली बाकी, म्हणजे २४९, धरतात आणि एक ठिपका टाकून मोकळे होतात.

मॅकवर कीबोर्डच्या सेटिंगमधून ‘युनिकोड हेक्स इनपुट’ जोडा. मग ऑप्शन धरून तीच चार बटणं. लिनक्सवर कंट्रोल-शिफ्ट-यू, मग क्रमांक, मग एंटर. फोनवर एकदा कुठून तरी कॉपी करा आणि शॉर्टकट करून ठेवा: जीबोर्डच्या सेटिंगमध्ये शब्दकोश, त्यात वैयक्तिक शब्दकोश, आयफोनवर सेटिंग, जनरल, कीबोर्ड, टेक्स्ट रिप्लेसमेंट. शॉर्टकट रोजच्या लिहिण्यात न येणारा ठेवा, नाहीतर घरच्या ग्रुपवरही ௹ जाईल.

प्रश्न : मी पाठवलेल्या फाइलमध्ये चिन्ह नीट असतं. पण एका गिऱ्हाइकाला चौकोन दिसतो, दुसऱ्याला प्रश्नचिन्ह, आणि आमच्या हिशेबनीसाच्या यादीत तर तीन विचित्र अक्षरं. दोष कुठे आहे? (दादर)

तिन्ही दुखणी वेगळी, आणि त्यातलं एकच गंभीर.

चौकोन दिसतो तेव्हा माहिती शाबूत असते, समोरच्याकडे फाँट नसतो. विंडोज ८ पासून पुढे निर्मला यूआय हा फाँट तमिळसाठी आधीच बसवलेला असतो, अलीकडच्या अँड्रॉइड फोनांत गूगलचा नोटो असतो. तरीही चौकोन आला तर मजकुराला एखादा जुना, युनिकोड नसलेला मराठी फाँट लावलेला असण्याची शक्यता मोठी. त्या फाँटमध्ये तमिळचं घरच नसतं. नेमकं ते एक चिन्ह निवडा आणि त्याला निर्मला यूआय किंवा नोटो सान्स तमिळ लावा. पीडीएफ पाठवत असाल तर फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये फाँटची यादी उघडून त्या फाँटपुढे ‘एम्बेडेड’ (फाइलमध्येच बसवलेला) लिहिलंय ना ते बघा. असेल तर समोरच्याकडे फाँट असो-नसो, फरक पडत नाही.

तीन विचित्र अक्षरं दिसतात तेव्हाही माहिती बहुधा शाबूत असते, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचली जाते. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत ௹ तीन बाइट घेतं: ई०, एएफ, बी९. जुन्या पाश्चात्त्य कोडपेजमधून, म्हणजे एका बाइटला एक अक्षर देणाऱ्या यादीतून, ते सुटे वाचले की पडद्यावर येतं डोक्यावर तिरकी रेघ असलेलं ‘ए’, मग वर चढलेली आडवी रेघ, मग वर चढलेला बारीक १. त्याऐवजी टोपीवालं ‘ए’, खाली स्वल्पविरामासारखी खूण आणि तोच बारीक १ दिसला, तर मूळ चिन्ह ₹ होतं. शेवटचा १ दोघांतही सारखाच, कारण दोघांचा शेवटचा बाइट एकच आहे. उपाय: सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली) फाइल दोनदा क्लिक करून उघडू नका. एक्सेलमध्ये डेटा टॅबवर जाऊन ‘टेक्स्ट किंवा सीएसव्हीमधून’ निवडा आणि फाइल ओरिजिनमध्ये ६५००१, यूटीएफ-८ ठेवा. पाठवतानाही ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच प्रकार निवडून सेव्ह करा. मात्र बिघडलेली फाइल तशीच सेव्ह केली की ती तीन अक्षरं खरीखुरी तीन अक्षरं होऊन बसतात, आणि पुढच्या उघडझापीत तिनाची सहा होतात.

प्रश्नचिन्ह म्हणजे कारभार आटोपला. वाटेत कुठेतरी प्रोग्रॅमने ‘हे अक्षर माझ्या यादीत नाही’ म्हणून त्या जागी खरंच प्रश्नचिन्ह लिहिलं. फाँट बदलून, पुन्हा उघडून काही परत येत नाही. मूळ फाइलच लागते. नेहमीचे गुन्हेगार दोन: नोटपॅडमध्ये एएनएसआय निवडून सेव्ह करणं, आणि डेटाबेसचा रकाना लॅटिन-१ ठेवणं; दोन्ही जुन्या, तोकड्या अक्षरयाद्या. दुरुस्ती सुरू करण्याआधी कुठल्या टप्प्यानंतर प्रश्नचिन्ह आलं ते शोधा. नाहीतर नवीन भरलेली माहितीही त्याच खड्ड्यात जाईल.

प्रश्न : एक्सेलमध्ये रकमांपुढे ௹ लिहिलं आणि बेरीज शून्य आली. (मुलुंड)

रकमेच्या घरात (सेलमध्ये) चिन्ह टाइप केलं की एक्सेलसाठी ती रक्कम राहत नाही, मजकूर होतो. घराच्या डाव्या कडेला चिकटलेले आकडे दिसतायत ना, तीच त्याची खूण. ₹ ला भारतीय सेटिंगच्या संगणकावर एक्सेल ओळखतं. ௹ ला ओळखत नाही.

घरात फक्त आकडा ठेवा. रकाना निवडून कंट्रोल-१ दाबा, नंबर टॅबमध्ये कस्टम निवडा आणि चौकटीत "௹" #,##0.00 असं भरा. अवतरणचिन्हं साधी, सरळ हवीत. वर्डमधून आणलेली वळणदार चालत नाहीत. आता दिसताना चिन्ह दिसेल आणि बेरीजही होईल. लाखाचा स्वल्पविराम चुकीच्या जागी पडत असेल, म्हणजे १,२५,००० ऐवजी १२५,००० दिसत असेल, तर दोष एक्सेलचा नाही. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये रीजन, अ‍ॅडिशनल सेटिंग्ज, नंबर्स इथे आकड्यांचे गट भारतीय पद्धतीचे करा.

आधी बिघडलेला रकाना सुधारायला कंट्रोल-एच दाबून ௹ च्या जागी काहीही नाही असं बदला. तरी आकडे डावीकडेच राहिले तर चिन्हापाठोपाठ न तुटणारी मोकळी जागा, क्रमांक १६०, शिल्लक आहे. ती डोळ्यांना साध्या जागेसारखीच दिसते. एका घरातून कॉपी करून शोधाच्या चौकटीत चिकटवा आणि तीही काढा.

प्रश्न : दुकानाच्या बिलाच्या छोट्या प्रिंटरवर आणि गिऱ्हाइकांना जाणाऱ्या एसएमएसमध्ये ௹ वापरता येईल का? (धारावी)

येईल, पण एसएमएसमध्ये वापरू नका असंच सांगू. एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात ௹ नाही आणि ₹ ही नाही. यातलं एक जरी आलं की अख्खा संदेश युनिकोडमध्ये जातो आणि १६० अक्षरांची मर्यादा ७० वर येते. लांब संदेशाचे तुकडे पडतात तेव्हा प्रत्येक तुकड्यात १५३ ऐवजी ६७ अक्षरं मावतात. म्हणजे १५० अक्षरांचा इंग्रजी संदेश एका एसएमएसच्या पैशांत जायचा, तो एका चिन्हापायी तीन एसएमएसचा होतो. संदेश तमिळमध्येच असेल तर तो आधीच युनिकोड आहे, मग चिन्हाने खर्च वाढत नाही. मात्र व्यावसायिक एसएमएससाठी तुम्ही आधी नोंदवलेल्या साच्यात जे चिन्ह दिलंय तेच पाठवा. साच्यात एक आणि संदेशात दुसरं, असं झालं की तो अडतो.

बिलाच्या थर्मल प्रिंटरला सॉफ्टवेअर थेट बाइट पाठवतं आणि प्रिंटर स्वतःच्या कोडपेजमधले आकार काढतो. त्यात तमिळ नसल्यामुळे तीन बाइटांची तीन भलतीच चिन्हं कागदावर येतात, आणि ओळ दोन घरं लांबून रकमेचा शेवटचा आकडा खालच्या ओळीत पडतो. ५८ मिलिमीटरच्या रोलवर एका ओळीत साधारण ३२ अक्षरं, म्हणून तिथे हे लगेच जाणवतं. सॉफ्टवेअरमध्ये बिल चित्ररूपात छापण्याचा पर्याय असेल तर तो निवडा. रुंदी ५८ च्या रोलला ३८४ ठिपके, ८० च्या रोलला ५७६. छपाई थोडी मंदावते. तो पर्याय नसेल तर चिन्ह फक्त एकूण रकमेच्या ओळीत छोटं चित्र म्हणून घाला आणि बाकी ओळींत नुसते आकडे ठेवा.

दुकानातल्या यूपीआय क्यूआर कोडशी या सगळ्याचा संबंध नाही. त्यात चलन ‘आयएनआर’ या तीन अक्षरांनी जातं आणि रक्कम नुसता आकडा म्हणून. जीएसटीच्या ई-इनव्हॉइसमध्येही रकमा चिन्हाशिवायच भरायच्या असतात. तुमच्या बिलाच्या डेटाबेसमध्येही हीच शिस्त ठेवा: आकडा वेगळा, चलनाचा कोड वेगळा, चिन्ह फक्त दाखवताना.

प्रश्न : संकेतस्थळावर मराठी मजकुरात मध्येच ௹ येतं, ते जाडीला वेगळंच दिसतं. (पवई)

तुमच्या देवनागरी फाँटमध्ये ते नाही, म्हणून ब्राउझर हाताला लागेल तो तमिळ फाँट उचलतो. फाँटच्या यादीत देवनागरीनंतर लगेच एक ठरावीक तमिळ फाँट लिहा. मुक्ता वापरत असाल तर त्याच घराण्यातला मुक्ता मलार जवळचा; दोन्ही आपल्या मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे. फक्त त्यात हे चिन्ह आहे का ते आधी तपासा, नसेल तर नोटो सान्स तमिळ घ्या. एका चिन्हासाठी पूर्ण फाँट उतरवू नका: गूगल फाँट्सच्या पत्त्याला ‘टेक्स्ट’ हा घटक जोडून त्यात एवढंच चिन्ह दिलं की तेवढाच तुकडा येतो. चिन्ह आणि आकडा यांच्यात जागा सोडली नाही तर ओळ तिथे तुटत नाही. सोडायचीच असेल तर न तुटणारी जागा वापरा. आणि डोमेनच्या नावात ௹ घेता येत नाही, चलनचिन्हांना तिथे मज्जावच आहे.

प्रश्न : धारावीतल्या एका जुन्या तमिळ कुटुंबाच्या हिशेबवह्या संगणकावर उतरवतोय. रुपयाबरोबर अशी आणखी बरीच चिन्हं आहेत. (शीव)

इथे ௹ आपल्या घरी आहे, निःशंक वापरा. त्याच्या शेजारचे क्रमांकही तुमच्याच कामाचे: ३०५९ दिवस, ३०६० महिना, ३०६१ वर्ष, ३०६२ नावे, ३०६३ जमा, ३०६४ ‘वरीलप्रमाणे’, मग ३०६५ रुपया, ३०६६ क्रमांक. एक्सेलमध्ये ‘युनिचार’ फंक्शनला हा आकडा दिला की चिन्ह मिळतं. काशु, पणम, पोन, वराहन या जुन्या नाण्यांची चिन्हं मात्र या ओळीत नाहीत. ती आणि अपूर्णांकांची चिन्हं २०१९ च्या १२.० आवृत्तीत वेगळ्या पुरवणी विभागात आली. नाण्यांचे क्रमांक ७३६९३ ते ७३६९६. त्यांना फाँटही वेगळा, नोटो सान्स तमिळ सप्लिमेंट. डेटाबेस मायएसक्यूएल असेल तर जुना ‘यूटीएफ८’ प्रकार ௹ साठवेल, पण वराहन नाही, कारण त्याला चार बाइट लागतात. ‘यूटीएफ८एमबी४’ घ्या.

आकड्यांकडे डोळ्यांत तेल घालून बघा. तमिळ १ चा आकडा ‘क’ सारखा, २ ‘उ’ सारखा, ७ ‘ए’ सारखा आणि ८ ‘अ’ सारखा दिसतो. घाईत आकड्याच्या जागी अक्षर टाइप केलं तर पडद्यावर चूक दिसत नाही, शोध घेताना मात्र नोंद सापडत नाही. शिवाय दहा, शंभर आणि हजार यांना स्वतंत्र चिन्हं आहेत, दशमान ३०५६ ते ३०५८. पंचवीस हे २, दहाचं चिन्ह, ५ असं लिहिलेलं असू शकतं. ते जसंच्या तसं एका रकान्यात ठेवा आणि शेजारी २५ हा साधा आकडा लिहा. बेरजा त्या दुसऱ्या रकान्यावर करा.

प्रश्न : गुजरातीला, बंगालीला, तमिळला रुपयाचं चिन्ह आहे, मग देवनागरीला का नाही? (बोरिवली)

देवनागरीच्या विभागात नाही हे खरं, आपण ‘रु.’ वर भागवत आलो. पण मोडी कागदांत रकमेपुढे येणारी खूण युनिकोडमध्ये आहे. २००९ च्या ५.२ आवृत्तीत उत्तर भारतीय लिप्यांसाठी सामाईक आकडेचिन्हांचा एक छोटा विभाग केला, त्यात ती ‘नॉर्थ इंडिक रुपी मार्क’ या नावाने ए८३८, दशमान ४३०६४ वर बसते. पाव, अर्धा, पाऊण या हिशेबी रेघाही त्याच विभागात मिळतील. वर्डमध्ये आणायची रीत वर दिलेलीच, चार बटणं आणि ऑल्ट-एक्स. चौकोन आला तर फाँट बदलून बघा.